केसरकाकींचं अर्धं शटर

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घही मला नीट कळत नाही, तेव्हा आधीच माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले, त्यानंतर लिहायचं काम सहीपुरतंच पडलं. पण केसरकाकींबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं असं मला फार वाटतं. गल्लीत त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, पण जो तो आपल्या सोयीचं बोलतो, आणि मी चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणून इथे उघडते.

नंदुरबारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सासऱ्यांचे वडील कधीकाळी राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. त्यांचा नवरा, म्हणजे शेठ, वारले, मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात गेला, आणि काकी एकट्या गल्ल्यावर बसू लागल्या. अंगाने आडव्या, गुडघे दुखरे. चालताना एका बाजूला झुकायच्या, त्यामुळे लांबून येताना दिसल्या की वाटायचं, या आता कोणाच्या तरी घरात शिरणार. आणि बहुतेक वेळा त्या खरंच शिरायच्या.

शिरल्यावर आधी भांडी बघायच्या. पातेलं उचलून बोटाच्या मागच्या हाडाने ठण्ण करून वाजवायच्या आणि कान लावायच्या. "हाई मन्हा दुकाननं नही," असं म्हणून ते खाली ठेवताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जणू त्या घरातल्या बाईने नवरा बदलला आहे. माणसांनाही तसंच वाजवून बघत. भेटलं की पाठीत थाप, आणि मग आवाज कसा येतो ते ऐकायचं.

मला त्यांनी पहिल्यांदा वाजवलं ते नळावर.

तेव्हा माझ्या सासूबाई खाटेवर होत्या. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उठणं राहिलंच. डोकं मात्र शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. सगळं जागेवर करावं लागायचं, आणि घास फक्त माझ्याच हातचा चालायचा. आमचे हे रिक्षा चालवतात, दिवसभर बाहेर. एकदा त्यांनी भरवायला घेतलं तर सासूबाई म्हणाल्या, "रिक्षामा पेट्रोल टाकस तसं टाकी ऱ्हायना," आणि तोंड मिटून घेतलं. तेव्हापासून ते त्या कामातून सुटले.

तर मी नळावर हंडा लावून उभ्याउभ्याच झोपले होते. हंडा भरून वाहत होता, मागच्या बायका ओरडत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. काकींनी येऊन नळ बंद केला आणि माझ्या पाठीत थाप मारली.

"तुन्ही सासू कव्हयपासून खाटवर शे?"

"दोन वरीस व्हई गयात, काकी."

"आनि तू खाटवर कव्हय पडस?"

मला वाटलं त्या आजाराबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्यांनी हंडा उचलायला हात लावला आणि सरळ आमच्या घरात आल्या. सासूबाईंच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "कसा काय चाली ऱ्हायना धंदा?"

त्यांना सगळ्या गोष्टी दुकानासारख्याच दिसत. घर म्हणजे दुकान, सासू म्हणजे गिऱ्हाईक, सून म्हणजे गल्ल्यावर बसलेली. "चोवीस तास उघडं दुकान मी कोठेच देखं नही," त्या मला म्हणाल्या. "दुपारले दोन तास बंद ठेव. गिऱ्हाईक काही मरी जात नही." आता खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःचं दुकान कधी दुपारी बंद ठेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सणाला नाही, गुडघे सुजले तरी नाही. कोणी तसं बोललं तर म्हणायच्या, "मी बठेलच ऱ्हास. बठेल माणूसले आराम कसाना?"

दुपारी त्या येऊ लागल्या. आमचा उंबरा आणि त्यांचं दुकान समोरासमोर, त्यामुळे उंबऱ्यावर बसून त्या दोन्हीकडे लक्ष ठेवत. गिऱ्हाईक आलं की इथूनच ओरडत, "डावा हातनी फळीवर शे, तो नको, तो महाग शे!" आणि मला म्हणत, पलीकडच्या खोलीत जाऊन पड.

पण झोप कुठली. आमच्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला येण्याची फार मोठी रीत आहे. पाहुणे केळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, खाटेशी बसतात, चहा पितात, सुनेला चार गोष्टी शिकवतात आणि जाताना म्हणतात, "बरी काळजी घे." मी सासूबाईंच्या दुखण्याने थकले त्याहून जास्त भेटायला येणाऱ्यांच्या कपबशा धुऊन थकले असेन. हे मी कोणाला बोलले नव्हते. काकींनी मोरीतल्या कपबशा बघून ओळखलं.

पुढच्या रविवारी आमचे मामेसासरे आले. पांढरी टोपी, हातात केळी. काकी उंबऱ्यावरच होत्या.

"भेटाले उनात का? या, या. केळी आठे ठेवा. आनि हाऊ पंखा धरा."

लाइट गेलेली होती. मामांना आयुष्यात कोणी पंखा धरायला सांगितलं नसावं. पण पाहुणा म्हणून आले होते, नाही कसं म्हणणार? ते वारा घालू लागले. मी चहाला उठणार तर काकींनी डोळ्यांनीच मला मागे लोटलं. थोड्या वेळाने मामांचा हात हळू झाला, मान खाली गेली आणि ते बसल्याबसल्या घोरू लागले. सासूबाईंनी त्यांच्या हातातून पंखा काढून घेतला, आणि पडल्यापडल्या भावाला वारा घालू लागल्या. "बिचारा उन्हामा उना," म्हणाल्या.

दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम. काकींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढ्यात लसणाची परडी ठेवली. "हात नवा शे तुन्हा, वापर." सासूबाईंनी आधी शिव्या दिल्या, मग लसूण सोलला. शिव्या देता देता इतका सोलला की आठवडाभर आमच्या वरणाला दुसरी चव नव्हती.

त्यानंतर जो भेटायला येई त्याला काम लागे. कोणी पाय चेपले, कोणी चादर धुतली, एका मावशींनी नखं काढली. भेटायला येणारे निम्मे झाले, आणि जे आले ते खरंच भेटायला आले.

सगळं काही त्यांना जमलं असं नाही. सासूबाई दर थोड्या वेळाने "सुनंदाऽऽ" म्हणून हाक मारायच्या, कधी पाणी, कधी नुसतंच मी आहे का ते बघायला. काकींनी दुकानातून पितळी घंटा आणून दिली. म्हणाल्या, "खरं काम ऱ्हायनं तरच वाजाड." गल्लीत दुपारी कुल्फीवाला येतो, त्याची घंटा तशीच. सासूबाईंनी वाजवली की पोरं पैसे घेऊन धावत बाहेर. कुल्फी नाही म्हणून पोरं रडायची आणि सासूबाई आत हसायच्या. त्यांना तो खेळच झाला. चौथ्या दिवशी खुद्द कुल्फीवाला भांडायला आला, आणि काकी घंटा पदराखाली घालून मुकाट्याने दुकानात गेल्या. त्या मुकाट्याने गेलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

माझी आई खांडबाऱ्याला असते, भावाकडे. पॅसेंजरने तासाचीसुद्धा वाट नाही. दोन वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. तिचे हात थरथरू लागलेत असं भाऊ सांगायचा. भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. फोनवर ती एकच विचारायची, "कव्हय येस?" मी म्हणायचे, येईन. एकदा असा फोन झाल्यावर मी लसणाची टरफलं भरत बसले होते, तर काकी म्हणाल्या, "लसूण सोलाले इतलं रडू येत नही. कांदा राहता ते गोष्ट येगळी."

तेव्हा मी सांगितलं. सांगितलं म्हणजे दोन वाक्यं बोलले.

"चार दिवस जाय," काकी म्हणाल्या.

"मी कोना हातनं खासू?" खाटेवरून आवाज आला.

"मन्हा हातनं."

"नही खासू."

"मंग उपास कर. पुन्य लागी."

आमचे हे घाबरले. आईने खरंच अन्न सोडलं तर? मीही घाबरले. काकी म्हणाल्या, आधी नमुना बघू. जेवणाच्या वेळी मला त्यांच्या गल्ल्यावर बसवलं आणि त्या आमच्या घरी भरवायला गेल्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी खिचडीचा घास त्यांच्या पातळावर थुंकला. काकींनी पातळ झटकलं आणि "उद्या येसू" म्हणून निघून आल्या. इकडे माझ्याकडे एक बाई तवा घ्यायला आली. किंमत विचारली. मला ठाऊक होती, पण तोंडातून शब्द फुटेना. ती थोडा वेळ थांबली आणि पुढच्या दुकानात गेली. असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली, "खारं शे" असं दर घासाला म्हणत. काकी येऊन म्हणाल्या, "तुनी मन्हा दोन गिऱ्हाईक घालाडात. जाय आते, आखो नुकसान करू नको."

मी गेले.

आईने मला बघून दारातच बसकण मारली. पहिला दिवस मी झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या केसांना तेल लावत होते, तेवढ्यात भावाचा फोन वाजला. फोन ठेवून तो म्हणाला, "तुन्ही सासू गई."

काय झालं होतं ते मला नंतर सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं, ते जुळवून लिहिते.

आमच्या गल्लीत कोणी वारलं की दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात आणि मयत नेईपर्यंत तसंच ठेवतात. काकींचं दुकान तोंडाशी, म्हणून त्यांचं शटर आधी. ते अर्धं दिसलं की कोणाला सांगावं लागत नाही. त्या दुपारी सासूबाईंना आतल्या खोलीत भरवायचं होतं. तिथून दुकान दिसत नाही, आणि गल्लीत एक मोकाट गाय फिरत होती. काकींनी गाय आत शिरू नये म्हणून शटर अर्धं ओढलं आणि आल्या. त्याच वेळी आमचे हे जेवायला घरी आले, रिक्षा दारात. शेजारच्या शिंप्यांनी शटर पाहिलं, अवेळी उभी रिक्षा पाहिली, आणि मशीन थांबवून माझ्या नणंदेला, निर्मलाताईंना, सारंगखेड्याला फोन लावला. त्यांचं त्यात काही चुकलं नाही. निर्मलाताईंनी आमच्या यांना फोन केला, तर यांचा फोन रिक्षात चार्जिंगला लावलेला. म्हणून त्यांनी खांडबाऱ्याला माझ्या भावाला कळवलं.

मग काय, ताईंनी टेम्पो केला. जावा, शेजारणी, सगळ्या बसल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या तेव्हा शटर अजून अर्धंच होतं, कारण सासूबाईंनी जेवायलाच तास लावला, मधेच पोट साफ केलं आणि काकी व आमचे हे त्यात गुंतले होते. बायकांनी तिथूनच हेल काढला.

सासूबाईंनी कान टवकारले. "कोन मरी गयं वं?"

"देखस," म्हणून काकी बाहेर आल्या. निर्मलाताई त्यांच्या गळ्यातच पडल्या. "मन्ही मायऽऽ! माले न भेटताच गई वं मायऽऽ!"

काकींना काही कळेना. आतून सासूबाईंनी लेकीचा आवाज ओळखला.

"निर्मला! काबर रडी ऱ्हायनी? जवाई गया का काय?"

बाहेर एकदम शांत झालं. लेक उत्तर देईना, म्हणजे जावईच गेला, असं समजून आता सासूबाईंनी खाटेवरून हेल काढला. आवाज इतका मोठा की बाहेरच्या बायका पुन्हा रडू लागल्या, कशासाठी ते न कळता. शेवटी जावई टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरून आत गेले आणि पाया पडून म्हणाले, "माय, मी शे."

"मंग मरनं कोन?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोवर खांडबाऱ्याच्या फलाटावर बसले होते. आईने मला घाईघाईने काढून दिलं होतं. "शेवटलं तोंड तरी देख," म्हणाली. गाडीला वेळ होता. माझ्या बोटांना आईच्या डोक्याचं तेल तसंच होतं. दोन वर्षं मी एक घास चुकवला नाही आणि दोन दिवस गेले तर सासूबाई उपाशी गेल्या, हेच मनात. आता आयुष्यात पुन्हा माहेरचं नाव काढायचं नाही, असं मी तिथे बसून ठरवून टाकलं होतं.

भावाचा फोन माझ्याकडे होता. तो वाजला. पलीकडे काकी.

"कोठे शे तू?"

"स्टेशनवर."

"मांगे फिरी जा. तुन्ही सासू जित्ती शे. माले शिव्या दी ऱ्हायनी, आयक." आणि त्यांनी फोन तिकडे धरला. खरंच देत होत्या. मी त्या पोटभर ऐकल्या. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघू लागली, कारण मी रडतही होते आणि हसतही होते.

इकडे टेम्पोवाला भाडं मागू लागला. दोन हजार. निर्मलाताई म्हणाल्या, "मयतना टेम्पो व्हता. मयत नही, ते भाडं कसानं?" टेम्पोवाला म्हणाला, "ताई, डिझेलले काय समजस कोन मरनं नि कोन नही!" ताईंजवळ तेवढे पैसे नव्हते, आमच्या यांच्याजवळ तर नव्हतेच. सगळे शिंप्याकडे बघू लागले, शिंप्याने मशीन सुरू केलं.

काकींनी दुकानात जाऊन दोन हजार आणले आणि टेम्पोवाल्याच्या हातावर ठेवले. मग ताईंकडे वळल्या.

"हाई तुन्हावर उधार."

"मन्हावर? शटर तुम्ही पाडं!"

"शटर मन्हं, पन माय तुन्ही. मायले देखाले उनी ना तू? मंग देख. एक दिवस मायजोडे राही, तिन्हं सम्दं करशी, तं शंभर रुपया फिटनात. आजपासून सुरू." म्हणजे दर दिवसाला शंभर फिटले.

ताई म्हणाल्या, घरी म्हशी आहेत. जावई म्हणाले, म्हशी मी बघतो. त्यांना जिवंत असल्याचा आनंद झाला होता, दुसरं काय. बाकीच्या बायकांनाही काकींनी तशा जाऊ दिलं नाही. रडायला आल्याच आहात तर म्हणून गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे सगळं धुऊन घेतलं. संध्याकाळी गल्लीभर आमच्या चादरी वाळत होत्या.

ताई आठ दिवस राहिल्या. म्हणून मीही खांडबाऱ्याला आठ दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आधी सासूबाईंची तक्रार सांगितली, मग कंबर दुखते म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "वैनी, तू हाई दोन वरीस कसं करं वं?" मी म्हटलं, वरणात लसूण कमी घाला.

पुढे त्या महिन्याकाठी एखादा दिवस, कधी दोन दिवस येऊ लागल्या. हिशोब काकींच्या तोंडी. ताई दुपारी उशिरा पोचल्या तर काकी त्या दिवसाचे "पन्नास" म्हणायच्या. ताई आल्या की मी आईकडे. सासूबाई लेकीच्या हातचं खाऊ लागल्या आणि मी परत आले की मला सांगायच्या, "तिले काही येत नही." हे सांगताना त्या फार खुशीत असायच्या.

एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. ताईंचीच पाळी होती. ताईंचा हात त्यांच्या अंगावर होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तेरावं झालं. पंगत उठली, भांडी आमची आणि काकींची एकत्र झाली होती, ती काकी वाजवून वेगळी करत होत्या. ताई सारंगखेड्याला निघाल्या, तेव्हा खाली मान घालूनच काकी म्हणाल्या, "निर्मला, चारशे बाकी शे."

आमच्या यांना फार वाईट वाटलं. "काकी, आते माय नही ऱ्हायनी..."

"माय गई. चारशे कोठे गयात?"

ताईंनी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. काकींनी हात पुढे केला नाही.

"नोटा नको. सुनंदानी माय खांडबाराले शे. तिन्हा हात थरथरतस. भावजई बाळंतपणले माहेर गई. चार दिवस तठे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. सुनेच्या आईचं करायला नणंद जाते असं आमच्यात कोणी ऐकलेलं नाही. मला वाटलं आता भांडण होणार. ताईंनी नोटा परत गाठीला बांधल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी कितला वाजता शे वं?"

आम्ही दोघी चार दिवस राहून परत आलो, तर काकींच्या दुकानापुढे टेम्पो उभा. सुरतेहून मुलगा आला होता. गुडघे आता अगदीच चालेनात, आईला एकटं ठेवणार नाही म्हणाला. भांडी आधीच दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलली होती. काकी रिकाम्या दुकानासमोर खुर्चीवर बसल्या होत्या, आणि सून आपल्या हाताने त्यांना चप्पल घालत होती. "हळू, हळू, तो पाय दुखस," असं त्या तिच्यावर ओरडत होत्या. ती बिचारी घामाघूम.

ताई पुढे झाल्या. "काकी, चार दिवस व्हई गयात."

काकींनी ताईंना नाही, मला विचारलं. "काम करं का इनी, का नुसत्या गोष्टी सांग्यात?"

मी कधी नव्हे ते सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, माझ्या आईची वेणी घातली, न्हाऊ घातलं, रोज भरवलं. आई ताईंना माझ्याच नावाने हाक मारत होती.

काकींनी मान डोलावली. मुलाने आणि सुनेने धरून त्यांना पुढच्या सीटवर चढवलं. बसल्यावर त्यांनी काचेतून हात बाहेर काढला, ताईंच्या पाठीत एक थाप मारली आणि म्हणाल्या,

"फिटनात."